सोसायटीच्या मैलाटाकीत माणूस उतरवायचा तर कुठला मास्क द्यावा?

चिटणीस_अंबरनाथ

नमस्कार मंडळी. आमची ३२ सदनिकांची सोसायटी. गल्लीत अजून मलवाहिनी आलेली नाही, त्यामुळे सगळा मैला आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये जातो. टाकी दोन कप्प्यांची आहे, ५ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल. वर ६० सेंटिमीटरची दोन झाकणं. सहा वर्षांत उपसलेली नाही. आता तळमजल्याच्या संडासांतून पाणी लवकर उतरत नाही आणि टाकीच्या पुढच्या चेंबरमध्ये गाळ दिसू लागलाय.

ठेकेदाराचं म्हणणं असं की गाडीने वरचं पाणी ओढून घेऊ, पण तळाचा गाळ घट्ट बसलाय, तो दोन माणसं उतरवून बादलीने काढावा लागेल. आदल्या रात्री झाकणं उघडी ठेवायची, सकाळी मेणबत्ती सोडून बघायची, विझली नाही तर उतरायचं. कमिटीत यावर बरीच चर्चा झाली. शेवटी माणसांना चांगले मास्क आणि हातमोजे सोसायटीने द्यावेत असं ठरलं.

तर कुठला मास्क घ्यावा? मेणबत्तीची चाचणी पुरेशी असते का? आणि "काही झालं तर जबाबदारी माझी" असं ठेकेदार स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे, ते सोसायटीला पुरेल का?

नळ_निचरा

ताई, मास्कचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या टाकीत कोणी उतरू नये, आणि उतरायची गरजही नाही. वरूनच गाळ कसा निघतो ते इथले टाकी उपसणारे सांगतील. आत नेमकं काय असतं तेवढं मी लिहितो, कारण ते कळलं की मेणबत्तीचा निकाल आपोआप लागतो.

सांडपाणी एका जागी थांबलं की त्यात विरघळलेला प्राणवायू काही तासांत संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात. पाण्यातल्या आणि डिटर्जंटमधल्या सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात, बाकीच्या सेंद्रिय घाणीपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. उन्हाळ्यात टाकी तापली की हे काम आणखी वेगाने चालतं. म्हणजे झाकणाखालच्या हवेत एकाच वेळी तीन धोके असतात. एक वायू विषारी, एक पेट घेणारा, आणि या सगळ्यांनी जागा अडवल्यामुळे कमी पडलेला प्राणवायू.

माणसं सर्वांत जास्त फसतात ती हायड्रोजन सल्फाइडला. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाचा शंभरावा हिस्सा असला तरी नाकाला तो कळतो, त्यामुळे "वास आला की बाहेर येऊ" असा भरवसा वाटतो. पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोचलं की वास ओळखणारी नसच बधिर होते. वास कमी होत गेला म्हणून माणूस समजतो हवा सुधारली, आणि एक पायरी आणखी खाली उतरतो. ५०० ते ७०० पीपीएमला काही मिनिटांत शुद्ध जाते. १००० च्या वर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. १००० पीपीएम म्हणजे हवेचा अवघा ०.१ टक्का.

आता मेणबत्ती. प्राणवायू साधारण १६ टक्क्यांवर उतरला की ती विझते. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो. ०.१ टक्का हायड्रोजन सल्फाइड मिसळल्याने त्यात नावालाही फरक पडत नाही. जी हवा माणसाला दोन श्वासांत पाडेल त्या हवेत मेणबत्ती छान तेवत राहते. आणि मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तीच ज्योत स्फोट घडवते. आगकाडी टाकून बघणं, पेटता कागद सोडणं, सगळं याच जातीचं. झुरळं जिवंत दिसली म्हणजे हवा चांगली, असंही काही जण मानतात. झुरळाला जे सोसतं ते माणसाला सोसेलच असं नाही, आणि झुरळं भिंतीच्या वरच्या भागात असतात, माणूस तळाशी जाणार असतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. गाळ स्थिर असताना मोजलेली हवा आणि गाळात पाय पडल्यावरची हवा या दोन वेगळ्या हवा आहेत. सोड्याची बाटली हलवली की कसा फेस उसळतो, तसा गाळात अडकलेला वायू ढवळल्याबरोबर बाहेर पडतो. लिटरभर सांडपाण्यात फक्त १ मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात विरघळलेला असला तरी बंद जागेत त्याच्यावरच्या हवेत अडीचशे-तीनशे पीपीएमपर्यंत प्रमाण जाऊ शकतं. सहा वर्षं साठलेल्या गाळात फावडं घातल्यावर काय होईल याचा अंदाज यावरून करा.

उपसण्याच्या आधी कोणी टाकीत किंवा संडासात ॲसिडच्या बाटल्या ओतू नका. सांडपाण्याचा सामू (पीएच, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७ असतो तेव्हा सल्फाइडचा साधारण निम्मा भाग वायूच्या रूपात असतो. तो ६ वर उतरला की जवळपास ९० टक्के. "आधी ॲसिड टाकून मोकळं करू" म्हणणारा माणूस विषाचा नळ उघडत असतो. ॲसिडपाठोपाठ ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीनही निघतो, ते वेगळंच.

शहराच्या मोठ्या भुयारी मलवाहिन्यांत रसायन हेच, फक्त पट मोठा. जिथे उतार कमी असल्याने पाणी रेंगाळतं, जिथे पंपिंगचा बंद पाइप येऊन मॅनहोलमध्ये मोकळा होतो, किंवा जिथे पाणी उंचावरून खाली आदळतं, तिथे विरघळलेला वायू एकदम हवेत येतो. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात भरतीचं पाणी जुन्या वाहिन्यांत झिरपलं तर आणखी भर पडते, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. पाण्याच्या वरच्या ओल्या भिंतीवर दुसरे जिवाणू याच वायूचं सल्फ्युरिक आम्ल बनवतात. जुन्या मॅनहोलमधल्या लोखंडी पायऱ्या नीट बघा. वरून जाड दिसतात, पण अंगठ्याने दाबलं की पापुद्रे सुटतात आणि आत बोटाएवढी सळई उरलेली असते. अशा पायरीवर भार टाकणारा माणूस वायूने पडायच्या आधीच पडतो. मैलापाणी उपसणाऱ्या पंपाच्या पॅनेलमधल्या तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील तर हा वायू तिथे रोज पोचतोय असं धरून चाला.

जुनी_चाळ

इतकं घाबरवायची गरज नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसतो. दोन्ही झाकणं रात्रभर उघडी ठेवली आणि माणूस कमरेइतकाच उतरला तर काही होत नाही.

नळ_निचरा

जड आहे, पण हवेच्या सुमारे १.२ पट, म्हणजे थोडासाच. टाकीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल तर गरम हवेबरोबर तो वरही चढतो. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो झाकणाखाली जमतो. कार्बन डायऑक्साइड दीडपट जड, तो खाली. कुठला वायू कुठल्या थरात आहे हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. झाकणात वाकून बघणारा माणूसही चक्कर येऊन आत पडू शकतो.

रात्रभर झाकण उघडं ठेवल्याने वरचा थर थोडा मोकळा होतो, इतकंच. दोन झाकणांमधून हवा वाहायला वारा लागतो, आणि टाकीला मधली भिंत असते. खाली गाळ वायू सोडतच असतो. शिवाय रात्री उघडं झाकण म्हणजे अंधारात कुणाचा तरी पाय आत, लहान मूल असेल तर अख्खं मूल. तेवढ्यासाठी तरी ठेवू नका.

वायुमापक

मास्कचं स्पष्टच लिहितो, कारण दुकानदार काहीही गळ्यात मारतात.

रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ हे धुळीचे कण अडवतात. वायू त्यातून सरळ जातो. नाकाला खोबरेल किंवा बाम चोळून वास दबतो, विष दबत नाही. दोन डब्यांचा रबरी कॅनिस्टर मास्क हायड्रोजन सल्फाइड काही काळ शोषतो, पण प्राणवायू तयार करत नाही. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमपर्यंत जाण्याची शक्यता असेल तिथे तो वापरायचाच नसतो. तुमच्या टाकीत दोन्ही शक्यता आहेत.

खरोखर चालतो तो फक्त स्वतःची हवा पुरवणारा संच. पाठीवरच्या सिलिंडरचा संच ६ लिटरचा, ३०० बारचा असेल तर त्यात १८०० लिटर हवा बसते. मिनिटाला ४० लिटरच्या हिशोबाने कागदावर ४५ मिनिटं. दाब ५०-५५ बारवर आला की शिट्टी वाजते, तो साठा फक्त बाहेर पडण्यासाठी राखायचा. चिखलात अंगमेहनत करणाऱ्याला श्वास जास्त लागतो, म्हणून प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाच्या आतच धरायचं. त्यातही तुमच्या ६० सेंटिमीटरच्या तोंडातून पाठीवर सिलिंडर घेऊन माणूस नीट जात नाही. मग कोणीतरी सुचवतो, संच काढून हातात द्या, आत गेल्यावर घाल. तेवढ्या अर्ध्या मिनिटात माणूस जातो. अशा जागी बाहेरून नळीने हवा येणारा संच आणि कमरेला सुटकेसाठी हवेची छोटी बाटली लागते. हे सगळं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम आहे. दुकानातून आणून कामगाराच्या हातात द्यायची वस्तू नव्हे.

मग वायू मोजणारा मीटर कशाला हवा? तर वरून काम करतानाही झाकणाशी उभ्या असलेल्या माणसाला तो हवाच. चार वायूंचा मीटर घ्या किंवा भाड्याने आणायला सांगा. त्यात प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड दिसतात. सूचनेची घंटी अशी लावतात: प्राणवायू १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर, ज्वालाग्राही वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम. मिथेन ५ टक्क्यांपासून पेट घेतो, म्हणजे घंटी ०.५ टक्क्यालाच वाजली पाहिजे.

मीटर चालू करून शून्यावर आणायचा तो मोकळ्या रस्त्यावरच्या हवेत. उघड्या चेंबरशेजारी शून्य केला तर तिथली घाण हवाच तो शुद्ध धरतो आणि पुढचं सगळं मोजमाप कमी दाखवतो. वापराच्या दिवशी सकाळी चाचणीच्या वायूची फुंकर देऊन घंटी वाजते का ते बघायचं. अंशांकनाचं (मीटर बरोबर आकडे दाखवतो का याच्या तपासणीचं) प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आतलं आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मीटर असतो, पण त्याचा संवेदक (वायू ओळखणारा भाग) दोन-तीन वर्षांपूर्वीच मेलेला असतो आणि पडदा मात्र छान उजळतो.

मोजायचं वरून, पंप आणि नळी लावून. झाकण पूर्ण उचलण्याआधी फटीतून एकदा, मग वर, मध्ये आणि गाळाच्या थोडं वर. नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, तो मीटरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. त्यावर प्रत्येक थराला किमान दोन मिनिटं थांबायचं. नळीचं टोक पाण्यात बुडू देऊ नका. पाणी ओढलं गेलं तर मीटर बाद. आकडे वाचताना आधी प्राणवायू बघायचा, कारण ज्वालाग्राही वायूचा नेहमीचा संवेदक प्राणवायू असेल तरच चालतो. तो फार कमी असेल तर हा संवेदक मिथेन भरपूर असूनही शून्याच्या जवळ दाखवू शकतो.

एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. प्राणवायू २०.९ ऐवजी २०.४ दिसला तर लोक म्हणतात, १९.५ च्या वर आहे, ठीक आहे. पण प्राणवायू हवेच्या पाचव्या हिश्शाएवढाच असतो. तो अर्धा टक्का कमी व्हायचा तर सुमारे २.४ टक्के हवा दुसऱ्या कशाने तरी बाजूला सारलेली असते, म्हणजे त्या "कशाचे" २४,००० पीपीएम. ते काय आहे हे कळेपर्यंत २०.४ हा धोक्याचाच आकडा समजा.

वारा देण्याबद्दल. पाणी उपसल्यावर तुमच्या टाकीत साधारण २० घनमीटर हवा मावेल. अशा जागेची हवा बदलायची तर आकारमानाच्या साडेसातपट ताजी हवा सोडायची, असा जुना व्यवहारी हिशोब आहे, म्हणजे १५० घनमीटर. ताशी १५०० घनमीटरचा ब्लोअर असला तरी सहा मीटर नळी आणि दोन वळणं धरली तर निम्मीच हवा पोचेल असं धरा, म्हणजे १२ मिनिटं. प्रत्यक्षात अर्धा तास द्यावा, आणि काम चालू असेपर्यंत ब्लोअर बंद करू नये. दोन कप्पे असल्याने दोन्हीकडे वेगळी हवा द्यावी लागेल. नळीचं टोक गाळाच्या जवळपर्यंत न्यायचं, वरच्या वर फुंकून उपयोग नाही. हवा आत ढकलायची, आणि ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवायचं. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आपणच आत भरतो. हवेऐवजी प्राणवायूचा सिलिंडर आत सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर तिथेच थांबवा. २३.५ टक्क्यांच्या वर कपडे आणि तेलकट चिंध्या ठिणगीसरशी पेटतात.

चिटणीस_अंबरनाथ

सगळ्यांचे मनापासून आभार. मेणबत्ती आणि मास्क दोन्ही रद्द. पण ठेकेदार ठाम आहे की गाडीला तळाचा घट्ट गाळ ओढतच नाही. मग वरून तो निघणार कसा?

टाकी_सफाई

गाडीला ओढत नाही, कारण आधी वरचं पाणी ओढून टाकतात. चूक तिथेच होते. पाणी गेलं की खाली कोरड्या चिखलाचा थर राहतो, त्यात पाइप रुततो, तोंड बंद होतं, आणि मग "आता माणूस उतरवावा लागेल" असं म्हटलं जातं.

कामाचा क्रम उलटा हवा. आधी गाळ किती आहे ते मोजा. लांब काठीला खालून वरपर्यंत पांढरं फडकं गुंडाळायचं, झाकणातून हळूच तळाला टेकवायची, दोन-तीन मिनिटं धरून सरळ वर काढायची. फडक्यावर जिथपर्यंत दाट काळा लेप आहे तितका गाळ, त्याच्या वरचा फिका भाग म्हणजे पाणी. गाळ खोलीच्या एक तृतीयांशावर गेला असेल तर उपसायची वेळ झाली. तुमच्याकडे सहा वर्षांत तो निम्म्यावर असला तरी नवल नाही. ही टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. वेळेवर उपसली तर गाळ सैल राहतो आणि ही वेळच येत नाही.

मग पाणी तसंच ठेवून पाइप तळापर्यंत सोडायचा आणि गाळापासून ओढायला सुरुवात करायची. सक्शन गाडीचा पंप उलटा फिरवता येतो. ओढलेल्या पातळ मैल्याचा काही भाग दाबाने परत तळाला सोडला की थर फुटतो. तेवढ्याने नाही जमलं तर जेटिंग गाडीची (जोराच्या दाबाने पाणी मारणाऱ्या गाडीची) नळी लांब लोखंडी पाइपाला बांधून झाकणातून आत सोडायची आणि कोपऱ्याकोपऱ्यात पाण्याचा मारा करायचा. पाइप तुंबल्यावर लागतो तितका दाब इथे लागत नाही. भिंतीच्या गिलाव्यावर आणि दोन कप्प्यांमधल्या भिंतीवर थेट मारा करू नका. फुटला थर की ओढा, पुन्हा मारा, पुन्हा ओढा. गाडी पाच हजार लिटरची असेल तर चार-पाच खेपा धरा. दोन मीटर खोली गाडीला काहीच नाही.

ढवळताना झाकणापाशी वायूचा लोट येतो हे वर लिहिलंच आहे. नळी धरणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, झाकणावर वाकू नये, छातीशी मीटर लावावा. गाडीच्या व्हॅक्यूम पंपातूनही तोच वायू बाहेर फेकला जातो. त्याचं तोंड तळमजल्याच्या खिडक्यांकडे नको, त्या दिवशी त्या खिडक्या बंद ठेवायला सांगा. झाकणाभोवती दोरी बांधा आणि निदान पाच-सहा मीटरच्या आत कोणी सिगारेट, विडी, वेल्डिंग किंवा साधा हॅलोजन आणू नये. अडकलेलं लोखंडी झाकण घणाने ठोकून उघडू नका. ठिणगी पडते. कडेची माती काढा, तेल सोडा, हुकाने उचला.

तळ चकाचक करायचा हट्ट सोडा. थोडा गाळ मुद्दाम ठेवायचा असतो, त्यातल्या जिवाणूंवरच टाकी पुन्हा लवकर चालू होते. काम झालं की टाकी साध्या पाण्याने भरून घ्या आणि मगच संडास वापरायला मोकळे करा. फिनेल, ॲसिड काही टाकायचं नाही.

आणि कार्यादेशातले शब्द तपासा. "टाकी तळापर्यंत कोरडी व स्वच्छ करून देणे, ठोक रक्कम" असं लिहिलं की शेवटच्या दोन बादल्यांसाठी माणूस खाली जातोच, कारण त्याशिवाय बिल निघत नाही. त्याऐवजी "खेपेमागे इतके रुपये, जेट व सक्शननेच, टाकीत अथवा चेंबरमध्ये कोणतीही व्यक्ती उतरणार नाही" असं लिहा. गाडीने मैला मैलाशुद्धीकरण केंद्रात रिकामा केल्याची पावती मागा. ती नसेल तर तुमचा मैला कुठल्या तरी नाल्यात गेला असं समजा.

कायदेकट्टा

स्टँपपेपरबद्दल. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या कलम ७ नुसार कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक प्राधिकरणाने किंवा संस्थेने गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे" कामाला लावायचं नाही. ठेकेदारामार्फत हे अप्रत्यक्षच झालं. त्यामुळे त्याने काहीही लिहून दिलं तरी फौजदारी जबाबदारी कागदावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही. पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळेला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

संरक्षक साधनं दिली तर चालतं का, असं कोणी विचारील. २०१३ च्या नियमांत साधनांसह उतरण्यालाही मोजकेच अपवाद आहेत. उदाहरणार्थ यंत्र चालूच शकत नाही तिथलं तुटलेलं झाकण काढणं, मैलापाणी उपसायच्या विहिरीच्या तळाचा पंप काढणं, मॅनहोलची पुनर्बांधणी. त्यापलीकडे अगदीच अपरिहार्य असेल तर स्थानिक प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्याची सकारण लेखी परवानगी लागते. सोसायटीची सर्वसाधारण सभा ती परवानगी देऊ शकत नाही.

भरपाईचं म्हणाल तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मृत्यूमागे १० लाख ठरले होते, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ते ३० लाख झाले. कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी इमारतीची मैलाटाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला, तेव्हा त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश झाला. काम खासगी होतं म्हणून प्रकरण तिथे संपलं नाही. आणि कमिटीत हे जरूर वाचून दाखवा: ज्यांना खाली उतरवलं जातं ते बहुतेक ठरावीक जातींतले असतात, रोजावर असतात आणि नाही म्हणायची सोय त्यांना नसते. "तो स्वतःहून तयार होता" याला काही अर्थ नाही.

यंत्रांसाठी १४४२० हा मदत क्रमांक आहे, नाहीतर नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात सक्शन गाडीसाठी अर्ज करा.

प्रथमोपचार

एवढं सगळं ठरवूनही त्या दिवशी कोणी आत पडलाच तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. अशा घटनांत एकामागून एक माणसं जातात. पहिला कोसळतो, दुसरा त्याला धरायला उतरतो, तिसरा दोघांना. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त वाचवायला गेलेल्यांचे असतात, असं अमेरिकेतल्या एका जुन्या सरकारी पाहणीत दिसलं होतं. २०१५ मध्ये कोझिकोडला मॅनहोलमध्ये अडकलेल्या दोन कामगारांना काढायला रस्त्याने जाणारा एक रिक्षाचालक उतरला आणि तिघेही गेले. तो माणूस भला होता, धाडसी होता, आणि त्या वायूला यातलं काही कळत नाही.

म्हणून कामाच्या आधी सुरक्षारक्षकापासून सगळ्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: कोणी पडला तर कोणी उतरायचं नाही. झाकणापाशी एका दणकट माणसाला फक्त याच कामासाठी उभं करा, कोणालाही झाकणाजवळ येऊ न देण्यासाठी. नातेवाईक असेल तर तो झटापट करून आत उडी घेतो, त्याला धरावं लागतं.

१०१ ला फोन करून "आग" किंवा "अपघात" इतकंच सांगू नका. "सेप्टिक टँकमध्ये माणूस पडलाय, विषारी वायू आहे, श्वसनसंच घेऊन या" असं सांगा, म्हणजे योग्य गाडी येते. १०८ लाही लगेच. ब्लोअर असेल तर चालू करून नळी पडलेल्या माणसाच्या तोंडाच्या दिशेला सोडा. बाहेर उभं राहून तुम्ही देऊ शकता ती सर्वांत मोठी मदत हीच.

जिथे नियमांप्रमाणे परवानगी घेऊन माणूस उतरवतात तिथे अंगभर पट्टे, खांद्यामागे कडी आणि वर तिपाईला हाताने फिरवायचा विंच असतो, तो याचसाठी. नुसता कमरेला दोर बांधलेला बेशुद्ध माणूस ओढला की मधून दुमडतो आणि ६० सेंटिमीटरच्या तोंडात अडकतो.

बाहेर काढल्यावर वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब न्या, ओले कपडे काढा. श्वास बंद असेल तर छाती दाबणं ताबडतोब सुरू करा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. त्याच्या श्वासातला वायू तुमच्या तोंडात येतो. शुद्धीवर आला आणि "मी बरा आहे" म्हणाला तरी घरी सोडायचं नाही. फुप्फुसांत पाणी काही तासांनी भरू शकतं, म्हणून किमान चोवीस तास रुग्णालयात देखरेख हवी. डॉक्टरांना "चक्कर आली" न सांगता "मैलाटाकीतला वायू, हायड्रोजन सल्फाइडचा संशय" असं सांगा.

चिटणीस_अंबरनाथ

ठेकेदाराला काम न देण्याचं आज कळवलं. नगरपरिषदेत अर्ज देते. एकच अडचण आहे, आमच्या फाटकातून मोठी गाडी आत येत नाही. टाकी फाटकापासून साधारण २२ मीटर आत आहे.

टाकी_सफाई

गाडी रस्त्यावरच उभी राहू द्या. सक्शनचा पाइप जोड लावून ३० मीटरपर्यंत सहज जातो. अर्जात अंतर आणि टाकीची मापं लिहा, म्हणजे तितके जोड घेऊन येतील. पाइप आवारातून जाईल त्या वाटेवरच्या दुचाक्या आदल्या रात्री हलवून घ्या. आणि पाइपाचे जोड सुटतात ते नेमके वळणावर, तिथे खाली प्लॅस्टिक आणि वाळूच्या दोन गोणी टाकून ठेवा.